चिठ्ठीवरची वेळ

सर्पदंशाचा रुग्ण अनेकदा एकाच दवाखान्यात बरा होत नाही. टेंभू योजनेच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या कडेगाव तालुक्यातल्या उसात कुणाला घोणस चावली, की आधी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय आणि प्रकृती ढासळली तर कराड, नाहीतर सांगली-मिरज. रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तिथेच चुका होतात.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असे केंद्राच्या २०२४ च्या कृती आराखड्याने ठरवले. अशा आराखड्यांमागून अ‍ॅप आणि डॅशबोर्ड येतातच. पण घोणशीच्या बाबतीत सगळ्यात मोलाचे उपकरण म्हणजे काचेची कोरडी, स्वच्छ नळी.

घोणशीचे विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकते. नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, २० मिनिटे हलवायचे नाही, मग नळी तिरकी करून पाहायची. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विष भिनले आहे. नळी काचेचीच हवी, कारण काचेचा पृष्ठभाग गोठण्याची क्रिया सुरू करून देतो. प्लास्टिकच्या किंवा साबणाचा अंश राहिलेल्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही गोठायला कुचराई करते आणि गरज नसलेल्याला लस टोचली जाते.

ही प्रतिविषाची लस सुरुवातीला साधारण १० कुप्या देतात. लहान मुलालाही तेवढ्याच. साप वजन पाहून विष टोचत नाही. लस मोकळे विष निकामी करते, रक्त गोठवणारे घटक मात्र यकृतालाच नव्याने बनवावे लागतात आणि त्याला सुमारे सहा तास लागतात. कडेगावातून निघालेल्या चिठ्ठीवर लस सुरू केल्याची वेळ नसेल, तर पुढच्या रुग्णालयात दोन तासांतच पुन्हा तपासणी होते, रक्त पातळच दिसते आणि आणखी कुप्या चढतात. लस घोड्याच्या रक्तापासून बनत असल्याने तिची तीव्र रिअ‍ॅक्शन येऊ शकते. एका आकड्याअभावी रुग्ण हा धोका दुसऱ्यांदा पत्करतो.

मण्यारीची गोष्ट निराळी. तिचा दंश रात्री झोपेत होतो, अनेकदा दुखतही नाही; आधी पापण्या जड होतात, नंतर श्वास थांबतो. मज्जातंतूंच्या टोकांना एकदा झालेली इजा लस भरून काढत नाही. त्यामुळे १०८ च्या गाडीत हाताने श्वास देणारी अंबू बॅग आणि ती दाबणारा माणूस नसेल, तर मिरजेचा व्हेंटिलेटर कामाचा नाही.

लहान केंद्रातली नोंद मोठ्या संस्थांनाही शिकवू शकते. महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांपाशी रात्री जागून नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये त्या 'द लॅन्सेट'पर्यंत पोहोचल्या. पुढे प्राझोसिनच्या गोळीने मृत्यू झपाट्याने घटले. मोठ्या संस्थांच्या कौतुकात या केंद्राचे नाव सहसा मागे पडते.

घोणशीच्या रुग्णाचे मूत्रपिंड काही दिवसांनीही निकामी होऊ शकते. डायलिसिस शहरात होते, पहिली लस देणाऱ्या डॉक्टरला त्याचा पत्ताही नसतो. सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असे केंद्राने २०२४ च्या अखेरीस राज्यांना सुचवले. त्या नोंदीत दंशाची, लसीची आणि रवानगीची वेळ धरली आणि रुग्णाचे पुढे काय झाले ते पहिल्या केंद्राला कळवले, तर लस उशिरा मिळाली की कमी पडली, हे तिथल्या तिथे तपासता येईल.