नियत आहे, तयारीही हवी

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत असे पाडे आहेत, जिथे आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावे लागते. नर्मदेकाठच्या काही वस्त्यांना तर होडीशिवाय वाटच नाही. २०२० साली कोरोनाच्या भीतीने चिमलखेडीच्या अंगणवाडीत गरोदर बायका आणि लहान मुले येईनाशी झाली. तेव्हा तिथल्या सेविका रेलू वसावे यांनी एका मासेमाराची होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हवत अलीगाट व दादर या वस्त्यांपर्यंत पोषण आहार पोहोचवला. सुमारे १८ किलोमीटरची वल्हवणी! हात दुखले, तरी खेपा थांबल्या नाहीत.

आपल्या हातापायांच्या बळावर दुसऱ्याच्या कामी यावे, असे वाटणारी तरुण मुले आपल्या मोहल्ल्यांतही आहेत. अलीकडे त्यांच्यापुढे एक नवा मार्ग आला आहे. ठरावीक अंतर सायकलने कापायचे आणि त्या निमित्ताने नातेवाईक, मित्र, दुकानदार यांच्याकडून एखाद्या चांगल्या कामासाठी मदत गोळा करायची. कोणी किलोमीटरमागे दहा रुपये देतो, कोणी एकदम हजार. कल्पना सोपी आहे, पण शब्द दिला की तो पाळावा लागतो. म्हणून निघण्याआधीची तयारी महत्त्वाची.

नाशिकच्या दोन भावांचे उदाहरण

या मार्गावर महाराष्ट्रात आधीच मोठे काम झाले आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या दोन भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. आळीपाळीने सायकल चालवत त्यांनी हे अंतर नऊ दिवसांच्या आत कापले. या मोहिमेला त्यांनी आदिवासींच्या नेत्रोपचारांसाठी निधी उभारण्याची जोड दिली होती. दोघेही काही व्यावसायिक खेळाडू नव्हेत, रुग्ण तपासणारे डॉक्टर. दवाखाना सांभाळून त्यांनी सराव केला.

२०१७ साली ब्रिटनमधले आठ मुस्लिम सायकलस्वार लंडनहून मदिनेकडे निघाले होते, तेही सीरियातल्या पीडितांसाठी मदत गोळा करत. ही उदाहरणे वाचून कोणाचेही रक्त सळसळेल. पण त्यांचे अंतर डोळ्यांसमोर ठेवून पहिल्याच महिन्यात शंभर किलोमीटरला हात घालणारा माणूस बहुधा गुडघा धरून घरी बसतो.

आधी अंतर ठरवा

नवख्याने पहिल्या वर्षी सपाट रस्त्याचे अंतर घ्यावे. नंदुरबारहून प्रकाशाच्या तापी पुलावरून शहादा आणि परत, म्हणजे साधारण ७५ किलोमीटर. पहिल्या मोहिमेला एवढे पुष्कळ झाले. शहाद्याहून तोरणमाळ सुमारे ५५ किलोमीटर असले, तरी ते गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे आणि सातपायरी घाट नावाप्रमाणेच वळणावळणाने दम काढतो. तोरणमाळ दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा. पुढे हौस वाढली, तर ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या राइड असतात. त्यात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. ती शर्यत नसते, वेळेत पोहोचलेला प्रत्येक जण यशस्वी.

शरीराची तपासणी

वय चाळीसच्या पुढे असेल, घरात हृदयविकार, बीपी किंवा साखरेचा इतिहास असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी विशेष जपावे. लांब सायकल चालवताना साखर अचानक खाली जाते.

आणखी एक तपासणी या जिल्ह्यात विसरू नये, ती म्हणजे सिकलसेलची. रक्ताच्या साध्या चाचणीने प्राथमिक अंदाज येतो. हा आजार असलेल्याला पाणी कमी पडले किंवा अति श्रम झाले, तर असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. सोबतीला आदिवासी मित्र असतील, तर त्यांनाही हे मोकळेपणाने सांगा. ज्या पाड्यांसाठी आपण मदत गोळा करणार, तिथल्या कित्येक घरांचे हेच दुखणे आहे.

सायकल घरातलीच चालेल

नवी महागडी सायकल घेण्याची घाई नको. घरातली सायकल मिस्त्रीकडे नेऊन ब्रेकची रबरे, चेन, टायर आणि चाकाच्या तारा पाहून घ्या. सपाट रस्त्याला तेवढे पुरते, घाटाला मात्र गिअर हवेत. सीटची उंची हा सर्वांत दुर्लक्षित भाग. सीटवर बसून टाच खाली गेलेल्या पेडलवर ठेवा, पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. सीट खाली असली की गुडघे दुखतात. हेल्मेटशिवाय बाहेर पडू नका. जादा ट्यूब, हवा भरायचा पंप आणि पंक्चर काढायचे सामान सोबत असावे आणि ते वापरता यावे. ट्यूब बदलणे घरच्या अंगणात दोनदा करून पाहा, रस्त्यावर पहिल्यांदा शिकायची वेळ येऊ देऊ नका.

चार महिन्यांचा सराव

फजरची नमाज पढून निघालात, तर सकाळचा गारवा आणि मोकळा रस्ता दोन्ही मिळतात. पहिले तीन आठवडे आठवड्यातून तीन दिवस १० ते १५ किलोमीटर, तेही बोलता येईल इतक्याच वेगाने. त्यानंतर दोन दिवस तेवढेच आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब फेरी. ती २० किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला तीन-चार किलोमीटरने वाढवा. प्रत्येक चौथ्या आठवड्यात अंतर कमी करा, कारण शरीर विश्रांतीतच घडते. ७५ किलोमीटरच्या मोहिमेआधी एकदा ५५ किलोमीटर आरामात झाले की पुरे. शेवटच्या आठवड्यात हलका सराव करा आणि भरपूर झोपा.

सरावाच्या काळात रमजान आला, तर अंतर वाढवण्याचा हट्ट सोडा. इफ्तारनंतर थोडी हलकी फेरी मारली तरी चालते. रोजा असताना भर उन्हात लांब पल्ला मारणे म्हणजे शरीराशी वैर.

जिल्ह्याचे रस्ते

मोहिमेसाठी नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ बरा. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पण थंडीतही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नंदुरबारच्या आसपास पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत असते. वारा तिकडून असला की ठसका लागतो, म्हणून तोंडाला रुमाल असावा. दुसरी गोष्ट जिवावरची. ऊसतोडीच्या हंगामात शहादा पट्ट्यात उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या अंधारातही चालतात, आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. आपल्या सायकलला पुढे-मागे दिवा असावा, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट असावे, आणि मगरिबच्या आत घरी पोहोचावे.

खाणे आणि पाणी

भूक लागण्याची वाट पाहू नका. पाऊण-एक तासाने केळे, दोन-तीन खजूर किंवा चिक्कीचा तुकडा खा. पाण्याचे घोट दर पंधरा-वीस मिनिटांनी घ्या. एका बाटलीत साधे पाणी, दुसरीत मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी. मोहिमेच्या दिवशी नवा पदार्थ खाऊ नका आणि रिकाम्या पोटीही निघू नका.

मुलींनाही सोबत घ्या

मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जाण्यासाठी मिळालेल्या सायकली अनेक मुली रोज चालवतात. सराव त्यांचा आपल्यापेक्षा जास्त! घरातल्या मुलीला यायचे असेल, तर तिला भाऊ किंवा अब्बूंसोबत निघू द्या. ओढणी आणि सलवारीचा घेर चेनपासून दूर बांधून घेतला की झाले. अम्मी हिशेबाची वही सांभाळतील, तर तीही मोहिमेतली मोठी जबाबदारी आहे.

पैशाचा हिशेब

या सगळ्यात घसरण्याची खरी जागा घाटात नाही, हिशेबात आहे. मदत कोणत्या कामासाठी आहे, हे आधीच नेमके सांगा. रक्कम आपल्या खिशातून फिरवण्यापेक्षा देणाऱ्यांनी ती नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात थेट भरावी आणि पावती घ्यावी. टी-शर्ट, नाश्ता, सायकलची दुरुस्ती हा खर्च सायकलस्वारांनी स्वतः करावा. पंचवीस हजार गोळा करून वीस हजार बॅनर आणि जेवणावर घालवले, तर ती सहल झाली. कोणी जकातीचे पैसे देऊ केले, तर ते वेगळे ठेवा. जकात कोणाला द्यायची हे ठरलेले आहे, तेव्हा जाणकार आलिमांना विचारल्याशिवाय ती सदक्याच्या रकमेत मिसळू नका. मोहीम संपल्यावर आठ दिवसांत जमा रकमेचा तक्ता प्रत्येक देणाऱ्याला पाठवा.

आणि निघायच्या आधी एकदा त्या पाड्यावर जाऊन या. त्यांना औषध हवे आहे, मुलांना वसतिगृहाची फी हवी आहे की आणखी काही, हे त्यांनाच विचारा. आपल्या मनाने ब्लँकेटांचा ढीग नेऊन फोटो काढणे सोपे असते. रेलूताईंना कोणत्या घरात कोणते मूल अशक्त आहे हे ठाऊक होते, म्हणून त्यांची होडी योग्य दारी लागली.

नियत नेक आहे, ती अल्लाह जाणतोच. पण ज्याच्या नावाने आपण हात पसरले, त्याच्यापर्यंत शेवटचा रुपया पोहोचवणे आणि स्वतःही धडधाकट घरी परतणे, ही जबाबदारी आपली. पुढच्या जुम्याला घरात बसून अंतर आणि तारीख ठरवा. आणि उद्या फजरनंतर पहिले दहा किलोमीटर मारून या.