नगरची मावसआजी, हॉलिवूडचा राक्षस

नात्याचा धागा

'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) या चित्रपटातला राक्षस, बोरिस कार्लोफ, याचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म लंडनचा, १८८७ सालचा. त्याच्या आईची मावशी म्हणजे अॅना लिओनोवेन्स. सयामच्या राजवाड्यात मुलांना शिकवणारी आणि पुढे 'द किंग अँड आय'मुळे जगाला ठाऊक झालेली ही बाई १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जन्मली. वडील सैन्यात सार्जंट होते, तिच्या जन्माआधीच वारले. आपला जन्म वेल्समधला, असं ती सांगत राहिली. ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी अभ्यासकांनी जुनी दप्तरं चाळली, तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. कार्लोफच्या अंगात हिंदुस्थानी रक्त होतं, पण त्या काळी ही गोष्ट झाकून ठेवायची. रंग मात्र झाकता येत नव्हता. राक्षस होण्याआधी मूकपटांत त्याच्या वाट्याला अरब, हिंदुस्थानी अशी परक्यांचीच किरकोळ कामं यायची.

कादंबरी वेगळी, सिनेमा वेगळा

मेरी शेलीची कादंबरी १८१८ ची. तिच्यातला जीव भाषा शिकतो, मिल्टन वाचतो, आपल्या निर्मात्याशी वाद घालतो. पेगी वेबलिंगच्या नाटकावरून पडद्यावर येता येता त्याची वाचाच गेली. हे नवलच. बोलपटांचा जमाना नुकता सुरू झालेला, आपल्याकडे त्याच वर्षी 'आलम आरा' लागला, आणि दिग्दर्शक जेम्स व्हेलने मुख्य पात्राला नुसतं गुरगुरायला लावलं. माझ्या मते सिनेमा तरला तो यामुळेच. प्रयोगशाळेतला वेडा शास्त्रज्ञ, कुबडा नोकर हा सगळा मसाला आता शिळा झालाय.

काय पाहायचं

राक्षसाचं पहिलं दर्शन पाठमोरं आहे. तो दारातून उलटा आत येतो, वळतो, आणि कॅमेरा तीन झटक्यांत चेहऱ्यापर्यंत जातो. पार्श्वसंगीत नाही. जॅक पिअर्सची रंगभूषा रोज काही तास चाले. गाल आत ओढलेला दिसावा म्हणून कार्लोफ तोंडातला दातांचा ब्रिज काढून ठेवायचा.

मग छताची खिडकी उघडते. उन्हाकडे तो हात उचलतो, जणू ते मुठीत धरता येईल. त्याचे हात नीट बघा, सगळा अभिनय तिथे आहे.

तळ्याकाठी एक लहान मुलगी त्याच्यासोबत पाण्यात फुलं सोडते. फुलं संपतात. तीही तरंगेल, अशा समजुतीने तो तिला उचलून पाण्यात टाकतो. अनेक ठिकाणी हा तुकडा कापला गेला. त्यामुळे त्याने हात पुढे केला की दृश्य तिथेच तुटायचं, आणि मुलगी नंतर दिसायची ती बापाच्या हातातलं प्रेत म्हणूनच. न दिसलेलं प्रेक्षकांनी मनाने भरून काढलं, तेही भलतंच. कात्रीने राक्षसाला जास्तच राक्षस केलं. १९८० च्या दशकात तो भाग परत जोडला गेला, तेव्हा प्रत बघताना पूर्ण आहे ना, एवढं पाहून घ्या. लांबी जेमतेम सत्तर मिनिटं.

सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसापुढे नुसतं प्रश्नचिन्ह आहे. कार्लोफचं नाव येतं ते शेवटच्या यादीत, त्यामुळे गोष्ट संपली म्हणून लगेच बंद करू नका.