दोरी ओढून खांदा दुखला, तरी मशीन सुरू होईना? आधी हे बघा



आज गोष्ट जाळ्याची नाही, डोंग्याची पण नाही. तलावाच्या पाळीवर गवत कापायला आपण जे मशीन वापरतो, त्याची आहे. कोणी ग्रास कटर म्हणते, कोणी नुसतं कटर. शहरातल्या बागेत चाकांवर ढकलायचं लॉनमोवर असते, त्याचं इंजिन पण याच जातीचं. छोटं, पेट्रोलवर चालणारं, दोरी ओढून सुरू होणारं.

गेल्या वर्षी १६ जूनला नदीतली मासेमारी बंद झाली. १५ ऑगस्टपर्यंत हात मोकळे, म्हणून आम्ही म्हटलं, पाळ साफ करून घेऊ. कोठीतून मशीन काढलं. दोरी ओढली, नाही. दुसऱ्यानं ओढली, नाही. चार जणांनी मिळून तासभर ओढली. शेवटी रागानं मशीन परत कोपऱ्यात टाकलं आणि म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात. तेवढ्यात पाऊस लागला. गवत कमरेएवढं झालं, बेशरम माजली. खेकड्याच्या बिळातून पाळ झिरपत होती, ते कोणालाच दिसलं नाही. दिसलं तेव्हा खालच्या बांधीत आपलं बीज धानात उड्या मारत होतं.

मशीन मग मिस्त्रीकडे नेलं. अर्ध्या तासात सुरू झालं. काही तुटलं नव्हतं, काही जळलं नव्हतं. टाकीत मागच्या हंगामाचं पेट्रोल होतं आणि प्लग काळा पडला होता. एवढंच! त्या अर्ध्या तासाच्या कामासाठी आपलं बीज गेलं. म्हणून हे लिहून ठेवतो.

आधी बोटं सांभाळा

पात्याला हात लावायच्या आधी प्लगची रबरी टोपी काढा. पात्यात अडकलेलं गवत काढताना पातं फिरलं तर बंद वाटणारं इंजिन पण झटका देऊ शकते. बिडी दूर ठेवा. गरम इंजिनात पेट्रोल भरू नका. आणि पेट्रोल भरायचं ते पाण्यापासून लांब. सांडलेलं पेट्रोल तलावात गेलं तर मासोळीला ते विषच.

पहिलं: पेट्रोल

बहुतेक वेळा घोडं इथंच अडते. महिना-दीड महिन्याच्या वर पडलेलं पेट्रोल खराब व्हायला लागते आणि त्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात बसते. त्यात आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. पावसाळ्यात कोठीत पडून राहिलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसते, आणि इंजिन ओढते ते तळातूनच.

म्हणून जुनं पेट्रोल काढा, डबा वेगळा ठेवा, ताजं भरा. नालीत किंवा तलावात ओतू नका. टाकीतल्या नळीच्या टोकाला छोटी जाळी असते, ती काळी झाली असेल तर बदला. टाकीच्या झाकणाला हवा जायला बारीक छिद्र असते. ते मातीनं बुजलं तर मशीन सुरू होते, दोन मिनिटं चालते आणि बंद पडते. झाकण जरा सैल केल्यावर चालू राहिलं तर समजा दोष तिथंच आहे. मग छिद्र साफ करा, झाकण सैल ठेवून काम करू नका.

मशीन दोन स्ट्रोकचं की चार स्ट्रोकचं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे. दोन स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातच मिसळते. प्रमाण मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असते: ५०:१ असेल तर १ लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. अंदाजानं ओतू नका. कमी पडलं तर पिस्टन धरते, जास्त झालं तर प्लग काळा होते. चार स्ट्रोकमध्ये ऑइलची जागा वेगळी असते, पेट्रोलात काही मिसळायचं नाही.

दुसरं: चोक आणि दोरी

थंड मशीनला चोक लावा. रबरी फुगा असेल तर त्यात पेट्रोल दिसेपर्यंत आठ-दहा वेळा दाबा. बंद करायचा खटका चालूवर आहे ना, ते बघा. हसू नका, आम्ही स्वतः खटका बंद ठेवून घाम गाळला आहे.

दोरी तीन-चारदा ओढल्यावर फुस्स करून आवाज आला की चोक काढा. चोक लावूनच ओढत राहिलं तर आत पेट्रोल भरते, आणि मग कितीही ओढा, काही होत नाही. तसं झालं तर खटका बंद करा, प्लग काढून पुसा, प्लग बाहेर असतानाच दोरी पाच-सहा वेळा ओढा आणि पंधरा मिनिटं थांबा. मग प्लग बसवून चोकशिवाय ओढा.

तिसरं: प्लग

प्लग काढून नीट बघा, तो खरं सांगते. ओला असेल तर पेट्रोल येत आहे, पण पेटत नाही. ओढून ओढून पण कोरडा असेल तर पेट्रोल आतपर्यंत पोचतच नाही, म्हणजे जाळी, नळी नाहीतर कार्बोरेटर. काळा, काजळलेला असेल तर ब्रशनं साफ करा. टोकाची फट साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते.

ठिणगी बघायची तर आधी सांडलेलं पेट्रोल पुसा, टाकीचं झाकण लावा. प्लग टोपीत घाला, रबराला धरा, प्लगचं लोखंड इंजिनच्या लोखंडाला टेकवा, पण प्लगच्या छिद्रापासून दूर. खटका चालू करून दुसऱ्याला दोरी ओढायला सांगा. निळी, कडक ठिणगी पाहिजे. नसेल तर आधी नवा प्लग लावून बघा.

चौथं: हवा

एअर फिल्टर काढा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा. कागदी असेल तर झटका, फार मळला असेल तर बदला. सायलेन्सरचं तोंड पण बघा. कुंभारमाशी तिथं मातीचं घर करते. धूर बाहेर जायला वाट नाही तर इंजिन सुरू कसं होईल?

एवढं करूनही होत नसेल, किंवा दोरी एकदम हलकी, विनाजोर येत असेल, तर मिस्त्रीकडे न्या. पातं दगडावर जोरात आपटल्यावर लॉनमोवर बंद पडलं असेल तरी आत काही सरकलेलं असू शकते. तिथं घरी हात घालू नका.

डोंग्याला पेट्रोलचं इंजिन लावणाऱ्यांसाठी

हाच क्रम तुमचाही: पेट्रोल, चोक, प्लग, हवा. दोन गोष्टी जास्तीच्या. हाताला बांधायच्या लाल दोरीची क्लिप जागेवर नसेल तर इंजिन सुरूच होत नाही, ती आधी बघा. आणि ज्या इंजिनात खालून पाणी ओढून थंड करायची सोय आहे, ते काठावर कोरडं चालवून बघू नका. आतला रबरी पंखा थोड्या वेळातच जळते.

ठेवताना ठेवलं, तर काढताना निघते

हंगाम संपला की टाकी रिकामी करा, मग मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होते. पातं साफ करून तेलाचा हात फिरवा. सायलेन्सरच्या तोंडाला फडकं बांधा, आणि सुरू करायच्या आधी ते काढायचं विसरू नका. चार स्ट्रोकचं मशीन आडवं टाकू नका, ऑइल फिल्टरमध्ये उतरते.

या वर्षी आम्ही मशीन मे महिन्यातच काढून चालवून बघणार. बिघडलं असेल तर दुरुस्तीला वेळ राहते. गवत मुळासकट उपटायचं नाही, मुळं माती धरून ठेवतात. फक्त आखूड कापायचं. पाळ उघडी दिसली की उंदराचं बीळ दिसते, खेकड्याचं दिसते, ओली जागा दिसते. बीज सोडायच्या आधी एकदा पाळीवरून पायी फिरून या.

मशीनजवळ कोठीच्या भिंतीवर खडूनं चार शब्द लिहून ठेवा: पेट्रोल, चोक, प्लग, हवा. पुढच्या वेळी दोरी ओढणारा पोरगा आपला नसेल, दुसऱ्याचा असेल. त्याचा पण खांदा वाचेल.