पाण्याचा दिवस

परवा सकाळी आमच्याकडे धुण्याभांड्यासाठी येणाऱ्या मावशींनी सहज विचारले, "साहेब, तुमच्याकडं पाणी कधी येतंय?"

सदतीस वर्षे बँकेत तारखा आणि आकडे सांभाळलेल्या मला याचे उत्तर देता आले नाही. जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या अंगणात जमिनीखाली टाकी आहे, गच्चीवर आणखी दोन आहेत, शिवाय बोअर आहे. नळाला पाणी कोणत्या दिवशी येते, हे जाणून घेण्याची गरजच कित्येक वर्षांत पडली नव्हती.

मावशींना तो दिवस चुकवून चालत नाही. त्यांच्या वस्तीत पाणी तीन-चार दिवसांआड येते आणि वेळेचा भरवसा नसतो. त्या घरी थांबल्या तर काम बुडते, मुलगी थांबली तर तिची शाळा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी त्यांचे खाडे टिपून ठेवत असे आणि महिनाअखेरीस तेवढे पैसे वजा करीत असे. त्या दिवशी मागची पाने उलटून पाहिली. बहुतेक खाड्यांमध्ये चार-पाच दिवसांचेच अंतर होते. नोंद माझ्याच हाताची होती. ती वाचली मात्र कधीच नव्हती.

आपण निष्ठुर असतो असे नाही. दुष्काळात जनावरांना चारा असो वा उन्हाळ्यातील पाणपोई, आपला समाज हात आखडता घेत नाही. तरीही शेजारच्याचा रोजचा प्रश्न दिसत नाही, कारण त्यातून सुटण्याची वाट आपण विकत घेतलेली असते. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नायजेरियातील रेल्वेचे उदाहरण दिले आहे. मालवाहतुकीत ट्रकची स्पर्धा आल्यावर रेल्वे सुधारायला हवी होती, पण ती सुधारली नाही. ज्यांनी जाब विचारला असता, ते ग्राहक निमूटपणे ट्रककडे वळले होते. आपले टँकर आणि बोअर नेमके हेच करतात. ज्यांच्या शब्दाला वजन असते, त्यांचीच तक्रार आधी संपते.

शिवाय ही सुटका खरी नसते. बँकेत जामीनदार सही करताना म्हणत, "कर्ज तर त्याचे आहे." नोटीस हाती पडली की मग ते कागद वाचायला बसत. सोलापूरची तहान उजनी, टाकळी येथील भीमेचे पाणी आणि हिप्परगा तलाव यांवर भागते. 2024 च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पातळीत गेला, तेव्हा आमच्या बोअरलाही धाप लागली आणि टँकरवाला फोन उचलेना. अंगणातले पाणी आपले, हा समज तेव्हा गळून पडला. गल्लीतली सारी बोअर जमिनीखालच्या एकाच साठ्यातून उपसत होती.

आपल्या घरांत पाणी गाळल्यावर गाळण्यात राहिलेले जीव जपून त्याच विहिरीत परत सोडण्याची रीत होती. त्याला जिवाणी म्हणत. त्यामागे जीवदया होतीच. पण पाणी कोठून आले, हेही त्यामुळे कोणी विसरत नसे. टाकी आणि बोअर आल्यावर तो धागा तुटला.

करण्यासारखे फार अवघड नाही. घरी येणाऱ्या मावशींना, दुकानातील नोकरांना पाण्याचा दिवस विचारावा आणि त्या दिवसाचे पैसे कापू नयेत. आपली टाकी भरलेली असली तरी प्रभागातील पाण्याच्या निवेदनावर सही करावी. केवळ सहीवर न थांबता महापालिकेत जाऊन पाठपुरावा करावा. दुकानाच्या परवान्यासाठी आपण जातोच की!

आमच्या कॅलेंडरवर आता खाडे लिहीत नाही. पाण्याचे दिवस लिहितो. मावशींच्या वस्तीचे आणि आमचेही.