आरएक्सचं पिकअप कुठून येतं?

आष्टी-कडा रस्त्यावरून जुनी यामाहा आरएक्स १०० गेली, तर टपरीवर बसलेली जाणती माणसं मान न वळवता गाडी ओळखतात. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे बनलेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक. ताकद ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. अमेरिकेत दांडग्या इंजिनाच्या ‘मसल कार’ची हौस होती; तिथे डॉज कंपनीने १९६८ साली ड्रॅग रेसिंगसाठी सुमारे ८० ‘हेमी डार्ट’ मोटारी काढल्या. त्यांची ताकद कागदावरच ४२५ अश्वशक्ती होती. आपल्या गावांची मसल कार म्हणाल, तर ती दोन चाकांवरच धावली.

ड्रॅग रेस म्हणजे उभ्या गाडीने सरळ ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, कापायचे. हवेचा विरोध सोडून दिला आणि इंजिन सतत पूर्ण ताकदीने ओढतंय असं धरलं, तर लागणारा वेळ वजन भागिले शक्ती याच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून शक्ती दुप्पट केली तरी वेळ जेमतेम पाचव्या हिश्शाने घटतो. वजन निम्मं केलं तरी फायदा तेवढाच. डॉजने मागची सीट काढली, रेडिओ काढला, दारांचा पत्रासुद्धा ॲसिडमध्ये बुडवून पातळ केला, तो याच हिशेबाने. आरएक्सला मात्र हलकेपण जन्मतःच मिळालं.

खरी गंमत सायलेन्सरमध्ये आहे. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, पण एक्झॉस्ट पोर्ट उघडं असतानाच ताजं मिश्रणही आत येतं आणि त्यातलं काही धुराबरोबर निसटतं. रेसिंगचा पाइप मधे फुगीर आणि शेवटी निमुळता असतो. फुगत्या भागावरून परतणारी कमी दाबाची लाट जळका वायू ओढून घेते. निमुळत्या भागावरून परतणारी लाट निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात हे तंत्र घासूनपुसून पक्कं केलं.

वेळ साधणं झोक्याला धक्का देण्याइतकंच नाजूक. ७,५०० आरपीएमला एक फेरा ८ मिलिसेकंदांत होतो, त्यातला साधारण निम्मा वेळ पोर्ट उघडं. तापलेल्या वायूत लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावते, म्हणजे तेवढ्या वेळात जाऊन-येऊन दोन मीटर. पाइपची परिणामकारक लांबी म्हणूनच मीटरभर निघते. आरपीएम उतरलं की लाट अवेळी पोहोचते आणि तोच पाइप इंजिनाचा दम काढतो. बाजाराच्या दिवशी गर्दीतून जायला अशी गाडी अगदीच निरुपयोगी!

निसटणाऱ्या त्याच मिश्रणापायी, १९९६च्या कडक प्रदूषण नियमांपुढे आरएक्सचं उत्पादन थांबलं. आता ती पुन्हा उभी करणारे दोन वेगळी कामं एकात मिसळतात. जुनी गाडी जशीच्या तशी उभी करणं म्हणजे मूळ भाग जपणं. ड्रॅगसाठी तयार करणं म्हणजे ते घासणं, कापणं. एकदा मोठं केलेलं पोर्ट परत लहान होत नाही. तेव्हा मूळ सिलिंडर ब्लॉक कापडात गुंडाळून ठेवा आणि प्रयोग दुसऱ्या ब्लॉकवर करा. शर्यत हवी असेल तर लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झाल्या तशा बंद जागेतल्या स्पर्धा गाठा. आष्टी-कडा रस्ता त्यासाठी नाही.