मॉनिटरची खरेदी व विक्रीनंतरची सेवा

अंबाजोगाईस महाविद्यालयात शिकणारा एखादा मुलगा संगणकावरील खेळांसाठी नवा मॉनिटर मागतो, तेव्हा घरातील वडीलधारी माणसे प्रथम किंमत विचारतात. दहाबारा हजारांचा आकडा ऐकल्यावर दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः बीड जिल्ह्यातील घरास हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे. पडदा बिघडला, तर तो कोण, कोठे आणि किती दिवसांत दुरुस्त करून देणार?

प्रथम वस्तूचे गुणदोष पाहू. साधा मॉनिटर एका सेकंदात 60 वेळा चित्र बदलतो. म्हणजे प्रत्येक चित्र सुमारे 16.7 मिलिसेकंद टिकते. 144 हर्ट्झच्या मॉनिटरवर हाच अवधी सुमारे 7 मिलिसेकंदांवर येतो. त्यामुळे वेगवान खेळातील हालचाल अधिक सलग दिसते. परंतु संगणकानेही तितकी चित्रे तयार करावयास हवीत. त्याचे ग्राफिक्स कार्ड सेकंदास 50 चित्रेच काढू शकत असेल, तर 180 हर्ट्झसाठी मोजलेले पैसे बहुतांशी व्यर्थ गेले असे समजावे. कित्येक मॉनिटरांचा पूर्ण वेग डिस्प्लेपोर्टच्या केबलवरच मिळतो, एचडीएमआयवर तो कमी पडतो. शिवाय संगणकाच्या सेटिंगमध्ये हा वेग हाताने निवडावा लागतो. तो 60 वरच राहिल्यामुळे चांगला मॉनिटर सदोष ठरविला जातो, असेही घडते.

जाहिरातीतील ‘1 मिलिसेकंद’ हा आकडाही जपूनच घ्यावा. तो बहुधा सर्वांत अनुकूल परिस्थितीत मोजलेला असतो, आणि तो गाठण्यासाठी निवडलेल्या सेटिंगमध्ये हलत्या वस्तूंमागे फिकट कडा उमटू लागतात. आयपीएस जातीच्या पडद्यावर बाजूने पाहिले तरी रंग टिकतात; व्हीए जातीच्या पडद्यावर काळा रंग अधिक गडद दिसतो, पण स्वस्त पडद्यांत अंधारी दृश्ये हलताना माखल्यासारखी वाटतात. ज्याची त्याने निवड करावी.

आता बिघाडाकडे वळू. 1920 गुणिले 1080 अशा पडद्यावर 20,73,600 पिक्सेल असतात आणि प्रत्येकात लाल, हिरवा व निळा असे तीन उपबिंदू असतात. इतक्यांतील एखादा बिंदू मृत निघणे अशक्य नाही. तथापि एकदोन मृत बिंदू हा दोष मानावयाचा नाही, अशी अट पुष्कळ कंपन्यांच्या हमीपत्रात असते. यास्तव खोके उघडताना मोबाईलवर चित्रण करावे, आणि त्याच दिवशी पांढरा, काळा, लाल, हिरवा व निळा पडदा लावून कोपरा न् कोपरा तपासावा. दुकानदाराकडून बदलून मिळण्याची मुदत थोड्या दिवसांचीच असते. ती टळली की कंपनीच्या हमीवाचून दुसरा आधार उरत नाही.

ह्या हमीचेही प्रकार आहेत. कोठे तंत्रज्ञ घरी येतो, कोठे वस्तू कुरिअरने पाठवावी लागते, कोठे ती ग्राहकानेच सेवा केंद्रात न्यावी लागते. समजा, जवळचे केंद्र छत्रपती संभाजीनगरात असेल, तर बीडहून एका बाजूचे अंतरच सुमारे सव्वाशे किलोमीटर होते. अंबाजोगाईहून ते आणखी वाढते. दोन खेपांचे भाडे आणि बुडालेले दिवस धरले असता पंधराशे रुपयांनी स्वस्त मिळालेला मॉनिटर शेवटी महाग पडतो. म्हणून खरेदीपूर्वीच कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन करून आपला पिन कोड सांगावा, म्हणजे बीडचा 431122 किंवा अंबाजोगाईचा 431517, आणि घरपोच सेवा आहे काय, कुरिअरचा खर्च कोणाचा, बदली वस्तू नवी की दुरुस्त केलेली, हे विचारून घ्यावे. विकण्यापूर्वी जी कंपनी फोन उचलीत नाही, ती विकल्यानंतर उचलील ह्याचा भरवसा काय? बिलावर जीएसटी क्रमांक व मॉनिटरचा अनुक्रमांक असावा. मूळ खोके व आतील थर्मोकोलही जपून ठेवावे, कारण परत पाठविताना त्यावाचून पडदा फुटण्याचे भय असते आणि फुटका पडदा सामान्यतः हमीत बसत नाही.

एवढे करूनही दाद न मिळाल्यास ग्राहक निराधार नाही. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढे 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा घेणारा 2019 चा कायदा 20 जुलै 2020 पासून अमलात आला आणि त्याने एक मोठी सोय केली. तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडे त्यास तक्रार करता येते. विक्रेता बंगळुरूचा असला, तरी अंबाजोगाईच्या ग्राहकास बीडच्या आयोगापुढे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस तक्रारीचे शुल्क नाही, वकील नेमणे सक्तीचे नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

त्याआधीच्या पायऱ्या मात्र गाळू नयेत. प्रथम कंपनीस लेखी कळवून तक्रारक्रमांक घ्यावा. ऑनलाईन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यावी व एका महिन्यात निवारण करावे, असा 2020 चा नियम आहे. त्यानंतर 1915 ह्या राष्ट्रीय मदतक्रमांकाकडे जावे. प्रत्येक फोनची तारीख व मिळालेले उत्तर वहीत टिपून ठेवावे, कारण आयोगापुढे संताप पुरावा होत नाही, कागद होतो.

खेळाची हौस मुलाची असली, तरी पैसा घराचा असतो. तेव्हा मुलाने हर्ट्झ पाहावेत आणि वडिलांनी हमीपत्र वाचावे. दोघांचे समाधान झाल्यावरच पैसे द्यावेत.