स्वतःचा तपास करायची वही



गुप्तहेराच्या गोष्टी आपल्या सगळ्यांना आवडतात. चोर कोण ते शेवटच्या पानावर कळते. पण ज्याचा तपास करायचा तो माणूस आपणच असलो तर? तशी एक वही आम्ही चौथीच्या मुलांनी यंदा केली. ती कशी करायची ते मी सांगते.

ही वही कोऱ्या कागदांची नसते. ती जुन्या छापील पुस्तकातच करतात. लंडन शहरात टॉम फिलिप्स नावाचे एक चित्रकार होते. त्यांनी १९६६ साली फक्त तीन पेन्सना एक जुने पुस्तक विकत घेतले. ती १८९२ सालची कादंबरी होती. तिचे नाव ‘अ ह्यूमन डॉक्युमेंट’. त्यांनी तिच्या पानापानावर चित्रे काढली आणि मधले थोडेच शब्द उघडे ठेवले. त्या उरलेल्या शब्दांची निराळीच गोष्ट झाली! पान दुमडल्यावर वरचे नावही अर्धे झाकले गेले आणि ‘अ ह्यूमुमेंट’ असे नवे नाव मिळाले. गोष्टीतला नायकसुद्धा त्यांना त्या पुस्तकातच सापडला. ‘टुगेदर’ म्हणजे एकत्र. त्या इंग्रजी शब्दाची पहिली चार अक्षरे म्हणजे त्याचे नाव. म्हणून ज्या पानावर ‘टुगेदर’ किंवा ‘ऑल्टुगेदर’ असेल त्याच पानावर तो येतो. मला हे लई आवडले. एकाच पुस्तकावर ते २०१६ पर्यंत, म्हणजे ५० वर्षे काम करत होते. गुरुजी म्हणाले, “तेवढ्यात माझी नातवंडंपण चौथी पास होतील.”

आता कृती. शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या पुस्तकाला हात लावायचा नाही. रद्दीतले घ्यायचे. मला दुकानातून एक गोष्टींचे पुस्तक ५ रुपयांना मिळाले. त्याला कव्हर नव्हते आणि पहिली ८ पाने पण नव्हती. दर दोन पानांनंतर एक पान फाडून काढायचे, नाहीतर चिकटवल्यावर वही बेडकासारखी फुगते. दोन-दोन पाने खळीने चिकटवली की जाड होतात, मग रंग पलीकडे उतरत नाही. रंगपेटी नसली तरी चालते. गेरू, कोळसा, हळद घरी असतेच. हळदीच्या पिवळ्या रंगावर चुन्याचे पाणी लावले की लाल होतो. करून बघा.

मग पुरावे जमवायचे. पहिला पुरावा बोटांचे ठसे. पेन्सिलीची भुकटी बोटाला चोळून ठसा उमटवायचा. शंख किती, चक्र किती ते मोजायचे. माझी ७ चक्रे आहेत. ठसे ठेवायची जगातली पहिली कचेरी १८९७ साली कलकत्त्याला निघाली होती, म्हणजे आपल्याच देशात. पण ठशावरून फक्त ‘ही तीच’ एवढे कळते. ‘ही कशी’ ते कळत नाही.

म्हणून दुसरा पुरावा साक्षीदारांचा. तिघांना विचारायचे, मी कशी आहे? आणि ते बोलतील तसेच लिहायचे, आपल्या सोयीने बदलायचे नाही. गुरुजी म्हणाले, “शांत मुलगी.” आजी म्हणाली, “हिची टकळी झोपंतबी थांबत न्हाई.” माझी मैत्रीण म्हणाली, “ही सुट्टीत फाटकाजवळ उभी राहती.” तिन्ही साक्षी वेगळ्या! मला वाटले, यातले दोघे तरी खोटे बोलत असतील.

तिसरा पुरावा सगळ्यात मोठा. पुस्तकाचे कोणतेही पान उघडायचे आणि जास्त विचार न करता जो शब्द डोळ्यांत भरेल त्याला चौकट करायची. एका पानावर तीनच शब्द. बाकीचे पान रंगवून टाकायचे. अशी १४ पाने झाली की सगळे शब्द एका कागदावर उतरवून मोजायचे. मोजल्याशिवाय गंमत नाही.

मला वाटले होते माझे शब्द भूत, वाघ, तलवार असे निघतील. वाघ एकदा निघाला. पण ‘वाट’ हा शब्द ६ पानांवर निघाला. पुस्तकात ती जंगलातली वाट होती, डोंगरातली वाट होती. मी शब्दांखाली शब्द बघत बसले आणि मैत्रिणीची साक्ष आठवली. आमच्या शाळेच्या फाटकातून कारखान्याकडे जाणारा रस्ता दिसतो. माझे आई-अण्णा दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले आहेत. कोणी विचारले तर मी सांगते, मला काही वाटत नाही, आजी आहे ना. रडत तर मी अजिबात नाही. पण माझ्या वहीला माहीत होते.

गुरुजींनी शब्दांचा कागद वाचला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पुरावा पक्का आहे,” आणि मला फाटकाचे चित्र काढायला एक अख्खे जोडपान दिले.

एक गोष्ट राहिली. सगळ्यांना दाखवायचे नसेल ते लिंबाच्या रसाने काडीने लिहायचे. वाळले की दिसत नाही. पान गरम केले की कागदाच्या आधी रस करपतो आणि तपकिरी अक्षरे उमटतात. मोठे माणूस जवळ असतानाच करा. तवा चुलीवरून उतरवून मग त्यावर पान ठेवायचे. माझे शेवटचे पान असेच लिहिलेले आहे. ते आई आल्यावर तापवणार आहे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी